माकबी, वय एक्कावन्न, आई दोलबी

सर्प-वर्ष, नववा महिना, बारावी तिथी. राजधानी गेग्योंग.

लेकी सोह्वा, वसंतात तुझ्या वाट्याचा कागद करून दिला आणि नंतर या विषयावर मी तुझ्याशी चकार शब्द काढला नाही. त्याबद्दल आधी क्षमा मागतो. त्या कागदात माझी चूक होती. जिथे दोहोंत फरक पडेल तिथे हा कागद खरा धरावा.

मी वांग सोल, वय शेहेचाळीस, दिवंगत राजांचा दासीपुत्र. राजाज्ञेने येत्या पंधरवड्यात ओलीस म्हणून उत्तरेला खानाच्या दरबारी निघतो आहे. तिथून परत आलेले फार थोडे मला ठाऊक आहेत. डोकं ठिकाणावर आहे, कोणी भरीस घातलेलं नाही. माझ्यामागची व्यवस्था अशी:

एक. घर आणि टेकडीखालचं भाताचं शेत सोह्वाचं. तिची आई असती तर तिनेही हेच सांगितलं असतं, फक्त अधिक ठासून.

दोन. पुस्तकं जावई यून जुन यांना. त्यांनी आतापर्यंत नेलेली सातही धरून. परत आलेल्या दोनांवर आमटीचे डाग आहेत, एवढं नोंदवून ठेवतो.

तीन. ज्या मठात मला सातव्या वर्षी डोकं भादरून धाडलं, त्याला काही नाही. आईला बघायचं म्हणालो म्हणून तिथे मी मार खाल्ला आहे. हा राग चाळीस वर्षं जपणं शोभत नाही, हे कळतं. तरी काही नाही.

चार. वसंतातल्या कागदात, रिवाजाप्रमाणे, सोह्वाच्या वाट्याला दिलेल्या प्रत्येक दासाचं नाव, वय आणि आईचं नाव मी स्वतः लिहिलं. त्यात एक ओळ आहे: ‘माकबी, वय एक्कावन्न, आई दोलबी.’ ती लिहिताना मला काहीच वाटलं नाही. मुलगा आईबापाचं नाव उच्चारत नाही आणि त्याच्यासमोर ते कोणी घेत नाही. म्हणून माझ्या आईचं नाव मला माहीतच नव्हतं. गेल्या महिन्यात प्रवासाच्या कागदांसाठी दप्तरात गेलो, तेव्हा कारकुनाने माफी मागून, खाली बघत वाचलं: ‘दोलबी, राजवाड्याचं स्वयंपाकघर.’

मी घरी येऊन थेट चुलीपाशी गेलो. माकबी मुळ्याच्या फोडी खारवत होती.

“तुझ्या आईला आणखी मूल होतं?”

“होता एक. फार रडका. मठात नेताना माझा झगा सोडेना. बाही फाडली मेल्याने.”

“अकरा वर्षं माझ्या घरात आहेस. बोलली का नाहीस?”

“काय बोलू, सरकार? आमटी वाढलीय, आणि हो, मी तुमची बहीण? विकून टाकलं असतंत म्हणजे?”

मी तसं केलं नसतं असं मला लिहायचं होतं. खात्री नाही, म्हणून लिहीत नाही.

पाच. कारण न देता तिला मोकळी करता आली असती. जावयांचं तेच म्हणणं होतं: “सासरेबुवा, तुमची बहीण दासी होती हे कागदावर आलं तर माझी नेमणूक अडेल.” त्यांची भीती खरी आहे. पण मोकळी झालेली दासी जुन्या मालकाच्या माणसांना उद्धट बोलली, तर कायद्याने तिला पुन्हा दास्यात ओढता येतं. हे माकबीला सांगितलं तर म्हणाली, “मग चार दिवससुद्धा नाही टिकायची मी.”

सोह्वा तिथेच होती. आधी म्हणाली, “बाबा, तिच्याशिवाय घर कसं चालेल?” मग स्वतःशीच, “म्हणजे आत्या. अकरा वर्षं मी आत्याकडून धुणं धुवून घेतेय.” नवऱ्याकडे वळून तिने सांगितलं, “नेमणूक पुढच्या वर्षी मिळेल. लिहू द्या.” मग जावयांनीच मला कागद पुढे करून दिला.

म्हणून लिहितो: माकबी ही माझ्या सख्ख्या आईची मुलगी, माझी थोरली बहीण. ती आजपासून कोणाचीही नाही. आत्या भाचीला रागावली तर तो उद्धटपणा नव्हे. ओढ्याकाठचं शेत तिचं, आणि आमच्या आईचं श्राद्ध वर्षाआड तिच्याकडे. शेत मी दिलं. श्राद्ध तिने मागून घेतलं.

लिहिणार: वांग सोल, सही.
संमती: सोह्वा, शिक्का, यून जुन, सही.
साक्षीदार: शेजारी हान गुक, वैद्य पाक इन्मो. दोघांसमोर वाचून दाखवलं.

माकबीची जागा रिकामी आहे. सही म्हणून तिने सवयीने बोट पुढे केलं. दासींच्या एका बोटाची लांबी आखून घेतात. मोकळी बाई पूर्ण तळहात उमटवते, हे मी सांगितल्यावर तिने हात मागे घेतला आणि म्हणाली, “मुळ्याचा वास आहे. उद्या धुऊन येते.”

उद्या: शाई जास्त घोटायची. ताईचा पंजा मोठा आहे.