टिबुकलीच्या घरट्याची गाठ

केंदूर, १४ ऑक्टोबर १९९८, दिवेलागण

भाकरी टाकायच्यात, पण ती गाठ डोळ्यांपुढून जात नाही.

परवा बंधाऱ्यावर धुणं धुताना टिबुकलीचं, त्या पाण्यात बुड्या मारणाऱ्या पाखराचं, घरटं दिसलं. शेवाळाचं, तरंगतं, आत तीन अंडी. वाऱ्यानं सुटून पाणी उपसणाऱ्या मोटारीकडे चाललेलं. मी जुन्या साडीची चिंधी फाडली आणि ते पाण्यातल्या बाभळीला बांधलं. म्हशीला बांधते तशी घट्ट गाठ मारली. केवढी खूश होते मी!

काल बंधाऱ्याला पाणी अडवायचे लोखंडी ढापे बसवले. पाणी चढणार हे मला माहीत नव्हतं का? दरवर्षी चढतं.

आज घरटं दिसेना. चिंधी सरळ खाली पाण्यात गेलेली. ढापे बसवणारे आबा काठावरच होते. म्हणाले, "पोरी, पानी चढंल तसं त्ये आपसूक वर येतंय. दावं कशाला लावलंस?"

मी कंबरभर पाण्यात उतरले. गाठ भिजून आवळलेली, शेवटी आबांच्या विळ्यानं कापली. घरटं हळूच वर आलं. अंड्यांवर शेवाळ होतं. बाहेर जाताना टिबुकली अंडी झाकून जाते. नीट झाकून गेली होती.

ती लांब थांबलेली, चोचीत शेवाळ धरून. मी कधी निघते याची वाट बघत.