दवाखान्यासारखं स्वयंपाकघर

माय, परवा धुळ्याला नात्यातल्या एका पोरीचं नवं घर बघायला गेले होते. स्वयंपाकघर दाखवताना ती इतकी हरखली होती की मी तोंडभरून कौतुक केलं, पण तिथून कधी निघते असं झालं होतं. भिंती पांढऱ्या, ओटा पांढरा, कपाटं पांढरी, वरून तो थंडगार, मेलेला उजेड. चहाचा कप हातात आला तर त्यालाही मला फिनेलचाच वास यायला लागला. पोरीचा काही दोष नाही. मला माझं जळगावचं स्वयंपाकघर आठवलं, आणि त्याच्या दारात नाकाला पदर लावून उभी असलेली तू.

आम्ही ते घर बांधलं तेव्हा जावेनं धुळ्याला नुकत्याच पांढऱ्या टाईल्स बसवल्या होत्या. तिचं बघून मीही हट्टानं तेच करून घेतलं. ओट्यामागे पांढऱ्या टाईल्स, बाकीच्या भिंतींना पांढरा डिस्टेंपर, छताला ट्यूबलाईट. धुरानं काळ्या झालेल्या घरात वाढलेली मी. मला वाटलं, उजेड झाला की सगळं झालं. महिन्याभरात शिसारी आली. फोडणीचा थेंब उडाला की टाईलवर पिवळी पुळी फुटल्यासारखा दिसायचा. पाल फिरली की तिच्या पोटातलं काळंसुद्धा दिसायचं. दिवसभर हातात फडकं, आणि त्या फडक्याचा आंबूस वास पुन्हा हातालाच.

त्यात तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, चुलीचा धूर लागता कामा नये, टाके पिकले तर डोळा जाईल. म्हणून तुला एरंडोलकडच्या आपल्या गावी न नेता माझ्याकडे आणलं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. तू स्वयंपाकघरात पाऊल टाकतेस न टाकतेस तोच मागे सरकतेस.

"माले परत दवाखानामा कसाले लई उनी वं?"

"माय, हाई मनं सैपाकघर शे."

"सैपाकघर? आठे तं सुई टोचतस!"

सगळे हसले, मीही हसले. पण तू जेवेनास. घास तोंडात घोळवायचीस आणि मोरीत जाऊन थुंकायचीस. ताट बाहेरच्या खोलीत दिलं तरी दारातून ती भिंत दिसली की तुला कोरड्या उलट्या यायच्या. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरचा पू, ते बोळे, सगळं तुला माझ्या भिंतीवर दिसत होतं. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. एक दिवस तू पिशवी भरून बाहेरच्या ओट्यावर बसलीस. "माले गाव लई जाय. चूलपुढे दोन घास तं जातीन." चुलीपुढे बसलीस की डोळा जाणार, इथे राहिलीस की उपाशी. मला कळेना, कुणावर ओरडू.

जाऊ भेटायला आली, तिनं सल्ला दिला, "अगं, जरा शोभा आण. किती भकास ठेवलंयस!" आणि पुढच्या खेपेला येताना तिच्या फ्रीजवरचा प्लास्टिकच्या द्राक्षांचा घड घेऊन आली. मी तो खिळ्याला अडकवला. बोट लावलं तर चिकटलं. वर्षानुवर्षांचं तळणीचं तेल, त्यावर धूळ, आणि दोन मण्यांच्या मध्ये झुरळाची तंगडी. तू एका डोळ्यानं बघितलंस आणि म्हणालीस, "माशी बी बसत नई यास्वर." घड उकिरड्यावर गेला. जाऊबाई फुगून गेल्या.

मग मी गेरू भिजवला. पांढऱ्या डिस्टेंपरमध्ये ओंजळभर ओतून एक भिंत रंगवली, तर ती सोललेल्या बोकडासारखी दिसायला लागली. मलाच ओकारी आली. घरधनी म्हणाले, "आता खाटीक बोलवायचा का?" पुन्हा पांढरा मिसळला, पुन्हा लावला, पुन्हा पुसला. शेवटी दुधात गूळ विरघळावा तसा रंग उतरला. ट्यूब काढून पिवळा बल्ब लावला. चकाचक दिसावं म्हणून कपाटात कोंबलेली पितळेची भांडी चिंचेनं घासून सागाच्या फळीवर मांडली. टाईल्स काही जागच्या हलेनात, तर त्यांच्यासमोर सूप, पाटा, लसणाच्या माळा ठेवून त्यांचं तोंड बंद केलं. वांगी मागच्या अंगणात, वाऱ्याची दिशा बघून, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर भाजली. धूर शेजाऱ्यांकडे, वास आपल्याकडे.

तू येऊन बसतेस. पाटावर पाय पसरतेस, चहूकडे बघतेस. माझ्या कपाळाला गेरू, केसांत गेरू, नखांत डिस्टेंपर.

"गायना गोठासारखं दिखस आते," म्हणतेस. "वाढ."

अर्धी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मूठभर भरीत खाल्लंस. मोरीकडे गेली नाहीस. टाके निघेपर्यंत तू माझ्याकडेच राहिलीस, डोळा राहिला. पुढे येणारा-जाणारा त्या रंगाचं कौतुक करायचा. जावेनंही तोच करून घेतला.

तुला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. हा कागद कुणाच्या हाती द्यायचा नाही, म्हणून लिहिते. ताट ओढण्याआधी तू भिंतीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं होतंस. खूप वेळ. खरंच भूक लागली होती, की पोरीची दया येऊन घशाखाली ढकललंस, हे विचारायचा धीर मला कधी झाला नाही. आजही तू समोर असतीस तरी मी विचारलं नसतं.