उन्हाच्या टोप्या

ती. वहिनींस,
धाकट्या दिराचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची कंबर कशी आहे? दादांचा खोकला? (विडी सुटली का, ते विचारत नाही, उत्तर ठाऊक आहे.) आत्याबाईंना आता ऐकू येतं का, की अजून सोयीपुरतंच? मी मजेत आहे. इथली वाळू अशी तापते की बुटाचा तळवा सोलून निघतो, आणि बंदुकीला हात लावला तर शत्रूआधी आपणच ओरडतो. दुपारी पिण्याच्या पाण्यात नुसती चहापत्ती टाकली तरी भागतं.

आता माझा पराक्रम ऐका. तुकडीत वयानं मी मोठा, सगळ्यांचा काका, म्हणून सामान मागवणं माझ्या गळ्यात. भांडारवाल्याला फोनवर म्हटलं, ऊन फार आहे, मान झाकतील अशा उन्हाच्या टोप्या पाठवा. त्या भल्या माणसाच्या भाषेत ऊन म्हणजे लोकर! खोकं उघडलं तर आत लोकरीच्या कानटोप्या. (मान झाकते हो, खोटं कशाला बोला.) साहेबांकडे गेलो, तर पंख्याखालून म्हणाले, "मागितलं ते आलं. आलेलं वापरायचं. परेडला सगळ्यांच्या डोक्यावर दिसलं पाहिजे." दुसऱ्या टोप्या हिवाळ्यापर्यंत येतील म्हणे. आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, वहिनी. पीठ तेवढं आमचं पडतंय.

आमचा ड्रायव्हर, त्याला आम्ही गवई म्हणतो (गातो असा की त्यापेक्षा इंजिन परवडलं), परवा परेडमध्येच कोसळला. कानटोपी ओढून काढली तर डोकं तव्यासारखं, आणि गडी दात वाजवत म्हणतो, "काका, गार लागतंय, पांघरूण टाका." सगळे हसले. मीही हसलो. (मग कुणी हसलं नाही.) आता दवाखान्याच्या तंबूत आहे. डॉक्टर म्हणतात, उतरेल ताप.

बाकी क्षेम. दादांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

ता. क. – मुख्य काम राहिलंच. जुन्या पांढऱ्या चादरी काढा आणि मशीनवर टोप्या शिवून पाठवा, मागे मानेवर फडकं सोडून. नऊ हव्यात. गवयाची जरा मोठी. डोकं भोपळ्याएवढं आहे, आत सूर एक नाही. साहेबांना विचारणार नाही. शिक्षा झाली तर माझी मी बघेन.

आणखी एक ता. क. – पाकीट फोडून लिहितोय. टपालाची गाडी गवईच न्यायचा. ती उभीच आहे. आठच शिवा. मोठी नको. शिवायला घेतल्या एवढं तरी लगेच कळवा, वहिनी. दोन ओळी पुरेत, पण लवकर लिहा.