पलासियाच्या फुटपाथवरची डाळिंबी साडी

इंदूर, १२ डिसेंबर १९९३

ती. बाळकृष्णदादांस, धाकट्या लक्ष्मीकांताचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून मनातल्या मनात). आपला खोकला कसा आहे? वहिनींचा मोतीबिंदू पिकला का? नसेल तर मुळीच घाई करू नये. नीट दिसण्याने माणसाचे काय होते ते पुढे वाचा.

मिल बंद पडल्यावर मी पलासियाच्या एका नव्या साडी-शोरूममध्ये लागलो, हे आपणांस ठाऊक आहेच. मिलच्या रंगखात्यात सव्वीस वर्षे शेड पास केली. तिथे नियम एकच. कापड उत्तरेच्या खिडकीशी न्यायचे, दहा ते तीनच्या उजेडात बघायचे, मगच तोंड उघडायचे. आणि हे शोरूम! खिडकी औषधालासुद्धा नाही. समोर काच होती, तिलाही पडदा लावला. भर दुपारी आत पन्नास पिवळे बल्ब! सूर्य बिचारा सगळ्या रंगांना सारखे वागवतो. हे बल्ब तांबड्याचे लाड करतात आणि निळ्याला उपाशी ठेवतात, त्यामुळे वांगी रंगाची साडी आत डाळिंबी दिसते. शेटजींना तीनदा समजावले. तिन्ही वेळा त्यांनी मला चहा पाजून गप्प बसवले.

गेल्या मंगळवारी आपल्या विहीणबाई, बेबीताई, धाकट्या मुलाच्या लग्नाच्या खरेदीला देवासहून आल्या. आहेराच्या अकरा साड्या आणि स्वतःसाठी एक डाळिंबी. बिल बनत होते आणि लाइट गेली. दुकानात गुडुप अंधार. माझे पाय (सव्वीस वर्षांची खोड, दुसरे काय) आपसूक उजेडाकडे वळले. साडी घेऊन मी फुटपाथवर, मागून बेबीताई. उन्हात साडी पसरली आणि त्या किंचाळल्या, "अगं बाई, ये तो बैंगन है!" झाले! आतल्या सगळ्या बायका आपापल्या साड्या घेऊन बाहेर. टेम्पोवाले थांबून बघताहेत, मागे हॉर्नचा गोंगाट, आणि मी मूर्खासारखा एकेकीला सांगत सुटलेला, ही काळी नाही, गर्द निळी आहे. ही केशरी नाही, पिवळी आहे. खोटे कशाला बोलू, मिल सुटल्यापासून इतका आनंद मला झाला नव्हता.

एकही साडी विकली गेली नाही. शेटजी म्हणाले, "भिया, मैं दुकान चला रिया हूं कि सूरज?" बेबीताई परत आल्या तरच मी परत यायचे, असे सांगून त्यांनी मला घरी पाठवले. मनोरमा म्हणते, "अहो, तुम्हाला कोणी विचारलं होतं का? चुपचाप उभं राहायचं ना!" पाच दिवसांत ती माझ्याशी एवढेच बोलली आहे. दादा, मला बावन्नावे सरत आले. ही नोकरी गेली तर मला कोण ठेवणार? फार भीती वाटते. पण म्हणून वांग्याला डाळिंब म्हणू? ते माझ्याच्याने या जन्मी होणार नाही.

वहिनींना नमस्कार, सूनबाईंना आशीर्वाद.

आपला, डोळ्यांपायी घरी बसलेला,
लक्ष्मीकांत

ता. क. : दादा, बेबीताई आपला शब्द मोडत नाहीत. एवढ्या वेळी त्यांना घेऊन यावे. मी रंगाबद्दल अवाक्षर काढणार नाही.

आणखी ता. क. : दिवेलागणीनंतर आणावे. तेव्हा साडी बाहेर नेली तरी काही कळत नाही. आणि त्यांनी मला विचारलेच, तर मी डाळिंबी म्हणेन.