बाबांनी धुतलेला डबा

बाबा,

आज पुन्हा तुमच्यावर चिडले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमची खुर्ची भंगारवाल्याला दिली, चष्मा कुठे ठेवला तेही आठवत नाही, पण माझ्या कथेत कुठे प्रयोगशाळा आली की तुम्ही हजर. दिवाळी अंकासाठी रहस्यकथा लिहायला बसले होते. माझ्या इन्स्पेक्टरने संध्याकाळी कॉफीचा कप तपासायला पाठवला आणि सकाळी अहवाल त्याच्या टेबलावर. वाक्य पुरं होतंय न होतंय तोच तुमचा आवाज: "नमुने म्हणजे काय इडल्या आहेत, वाफवल्या की तयार?" पेन खाली ठेवलं आणि चहा करायला उठले. तुमच्याशी मनातल्या मनात भांडताना तो उतू गेला.

तुम्ही होतात तेव्हा तर माझी एकही कथा धड वाचली नाहीत. पहिली कथा छापून आली, आईने अंक देवापुढे ठेवला, शेजारच्या बायका येऊन पाठ थोपटून गेल्या, आणि तुम्ही लाल पेन्सिल घेऊन बसलात. माझ्या गुप्तहेराने शर्टावरच्या डागावरून खुनी ओळखला होता. तुम्ही म्हणालात, "ते रक्त आहे हे कशावरून? आमसुलाचं सार सांडलं असेल. बरं, रक्त आहे. मग माणसाचं की कोंबडीचं? बरं, माणसाचं. मग गट काढला. गट जुळला तर निम्मी अंधेरी जुळेल. सगळ्यांना आत टाकणार का?" त्या काळी खरंच तेवढंच हाती लागायचं, हे मला मान्य आहे. पण एकोणीस वर्षांच्या मुलीची पहिली कथा होती हो ती. "छान लिहिलंस" एवढं म्हणायला कुठली चाचणी करावी लागणार होती?

आणि तुमचं ते सील. तुमच्या सरकारी प्रयोगशाळेत पोलिसांकडून बरण्या यायच्या, मिठाच्या पाण्यात ठेवलेले मेलेल्या माणसाचे अवयव, तोंडाला फडकं, त्यावर दोरा, दोऱ्यावर लाखेचं सील. सोबतच्या कागदावर त्याच सीलचा ठसा. आधी दोन्ही ताडून बघायचे, आणि सील तुटलेलं असेल तर बरणी उघडायची नाही, कारण मध्ये कोणी काय मिसळलं ते देवालाही सांगता येणार नाही. इथवर ठीक. पण तुम्ही ते घरी आणलंत. सकाळी दूध केंद्रावरून बाटल्या आल्या की आधी झाकणाच्या पत्र्याची चकती उजेडात धरून बघायचात. जरा चेपलेली दिसली की मला परत पाठवायचात. केंद्रावरची बाई मला बघितलं की म्हणायची, "आली साहेबांची बाटली." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

म्हणूनच त्या रविवारचा राग माझ्या डोक्यातून गेला नाही. आपल्या अंधेरीच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर ती वहिनी राहायची, ऑफिसात जाणाऱ्यांना जेवणाचे डबे करून द्यायची. तिचा नवरा एका दुपारी जेवून उठला, उलट्या झाल्या, छातीत कळ आली आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपला. धडधाकट, ऐन तिशीतला माणूस. पोस्टमॉर्टेम झालं, व्हिसेरा, म्हणजे तसेच बरणीतले अवयव, तपासणीला गेला, आणि तो अहवाल यायच्या आधीच तिच्या सासूने निकाल दिला. सुनेनेच मासळीच्या तिखल्यात काहीतरी घातलं. बिल्डिंगला तेवढं पुरलं. आठवड्याभरात वहिनीचे डबे बंद. जिच्या हातच्या जेवणाने नवरा गेला म्हणतात, तिच्या हातचं कोण खाणार? पदरी पाच वर्षांची पोर, आणि धाकटा दीर खोली रिकामी कर म्हणून मागे लागलेला. आपण विष घातलेलं नाही हे तिला लोकांना दाखवून द्यायचं होतं. दुसरं काही तिला नको होतं.

मी अजून ते स्वयंपाकघर बघतेय. आई घावन घालतेय, तुम्ही पाटावर बसलेले, आणि सासू सून दोघी दारात. सासूच्या हातात स्टीलचा डबा. त्या दुपारचं उरलेलं बांगड्याचं तिखलं तिने काढून ठेवलं होतं.

"तुमी सरकारी माणूस," म्हातारी म्हणाली. "बघा मां यात काय आसा ता. माझो झील गेलो."

"बघाच काका," वहिनीही म्हणाली. "मी आणि माझी पोर त्याच टोपातलं जेवलो. आम्हाला काही झालं नाही. सासूबाईंचा सोमवारचा उपास होता म्हणून ह्या तेवढ्या जेवल्या नाहीत. तुम्ही सांगितलंत की लोक ऐकतील."

एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या त्या दोघी पहिल्यांदा एका गोष्टीवर एक झाल्या होत्या, आणि ती गोष्ट तुमच्या हातात होती. मला वाटलं, आता माझे बाबा एखाद्या पुस्तकातल्यासारखे उठतील. तुम्ही उठलात. डबा हातात घेतलात, झाकणाच्या कडेशी नाक नेलंत आणि विचारलंत, "मावशी, हा इतके दिवस कुठे होता?"

"माझ्या फडताळात. कोणाक हात लावूक दिलंय नाय."

"कोणालाच?"

"कोणाकच नाय."

 मग म्हणालात, "याला सील नाही." आणि डबा घेऊन बाथरूममध्ये गेलात. आम्ही सगळ्या ऐकत होतो. संडासात ओतल्याचा आवाज, मग पाणी, पुन्हा पाणी, मग सोड्याने खसाखसा घासणं. जन्मात ज्या माणसाने स्वतःचा चहाचा कप विसळला नाही, तो माणूस डबा घासत होता. बाहेर आलात, कोपरापर्यंत हात साबणाने धुतलेत, आणि लखलखीत डबा म्हातारीच्या हातात देऊन म्हणालात, "हा पुन्हा कोणाकडे घेऊन जाऊ नका. घरी जा." एवढी भांडखोर बाई, पण एक शब्द बोलली नाही. डबा पदराखाली घेऊन निघून गेली. मला वाटलं, सरकारी माणसाला घाबरली.

वहिनी मात्र तिथेच खाली बसली. "काका, माझा पुरावा ओतून टाकलात तुम्ही," म्हणाली. ओरडली नाही. तुम्ही पाटावर परत बसलात आणि आईला म्हणालात, "घावन करपतंय."

त्यानंतरचे महिने तुमच्याशी एका घरात राहणं ही शिक्षा होती. व्हिसेरा तुमच्याच प्रयोगशाळेत आला होता. मृत आपल्या बिल्डिंगमधला म्हणून तुम्ही स्वतःहून सांगून ते काम दुसऱ्याकडे द्यायला लावलंत, म्हणजे तेही दार बंद. राज्यभरातून बरण्या यायच्या, त्यांच्या रांगेत ही एक. रोज तुम्ही सांताक्रूझच्या बाजूने येणाऱ्या बसमधून उतरायचात, अंगाला त्या औषधांचा वास घेऊन, आणि मी रोज विचारायचे, "आला का अहवाल?" तुम्ही म्हणायचात, "वरण वाढ." वहिनी मंगळसूत्र विकून दिवस काढत होती. तिच्या पोरीला जिन्यात कोणी खेळायला घेत नव्हतं. आई गुपचूप तिच्याकडून पोळ्या करून घ्यायची, आणि त्या पोळ्या तुम्ही निमूट खायचात. हेही मला चीड आणायचं. खाताय ना? मग चार लोकांसमोर खा.

शेवटी अहवाल आला. कुठलंही विष आढळलं नाही. डॉक्टर म्हणाले, हृदयविकार. लोकांनी हळूहळू डबे परत लावले, कोणी माफी मागितली नाही. वहिनी खोली सोडून चारकोपला गेली, तिकडे तेव्हा नवी वस्ती होत होती. जाताना आईच्या पाया पडली, तुमच्या नाही. तुमच्या जाण्याची बातमी तिला कळली होती, पण ती आली नाही. मला तेव्हा ते बरोबरच वाटलं होतं.

तुमचे दिवस झाल्यावर आईने मला सांगितलं. भांडी पुसत होती, मान वर न करता म्हणाली, "त्या डब्याला ढेकणांच्या औषधाचा वास येत होता." त्या काळी घराघरांत ते औषध असायचं. तो रॉकेलसारखा वास झोपेतही ओळखता आला असता. पण सडलेल्या मासळीखालून तो ओळखायला तुमचंच नाक हवं. तुम्हाला तिथल्या तिथे कळलं होतं. त्याच टोपातलं खाऊन वहिनी आणि पोर ठणठणीत होत्या, म्हणजे औषध नंतर पडलं. आणि डब्याला म्हातारीशिवाय कोणाचा हात लागला नव्हता, हे ती स्वतःच बोलून बसली होती. आई म्हणाली, "पोटचा पोर असा उगाचच गेला, हे तिला सोसवेना. कोणीतरी मारला असेल तर निदान समजतं." तो डबा पोलिसांत गेला असता तर आधी वहिनी आत गेली असती. आणि नंतर खरं कळल्यावर म्हातारी.

मी आईवर ओरडले. म्हटलं, मग हे वहिनीला का नाही सांगितलं? आई म्हणाली, "मी पण हेच विचारलं होतं. म्हणाले, हे कळल्यावर त्या दोघी एका खोलीत राहतील का? धाकटा आईला सांभाळणारा नाही. ती कुठे जाईल?" आणि वर आईची मला ताकीद, कुणाला सांगायचं नाही.

बाबा, कमाल आहे तुमची. माझ्या कथेत शिपायाने पुराव्याला नुसता हात लावला तरी दोन दिवस बोलला नव्हतात, आणि स्वतः पुरावा सोड्याने घासून परत केलात. याला कायद्यात नाव आहे. ते नावही मला तुम्हीच शिकवलंत. एवढं करून पुन्हा गप्प. त्या बाईचे शिव्याशाप घेतलेत, माझे घेतलेत, आणि वरण मागत राहिलात. मला तरी सांगायचं. मी काय अंकात छापणार होते?

छापलंही असतं, कदाचित.

गेल्या आठवड्यात चारकोपला एका ओळखीच्यांकडे गेले होते. येताना पोळीभाजी केंद्र दिसलं म्हणून शिरले, तर काउंटरमागे वहिनी. केस पांढरे झालेत, आवाज तोच. मला लगेच ओळखलं, स्टूल दिलं, पोरीला हाक मारून चहा सांगितला. ती पाच वर्षांची पोर आता सगळं केंद्र चालवते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर वहिनी म्हणाली, "तुझे बाबा तसे सरळ गं. पण हेकट. त्या दिवशी माझं एवढंसं ऐकलं असतं तर माझे ते महिने वाचले असते ना."

मी विचारलं, "आणि आजी?"

"सासूबाई? इथेच गेल्या, माझ्याजवळ. धाकट्याने महिनाभर पण ठेवल्या नाहीत. शेवटी शेवटी तर मी भरवल्याशिवाय जेवायच्या नाहीत. पोरीने भरवलं तरी तोंड मिटून बसायच्या. फक्त बांगडा केला की ताट सरकवायच्या. एवढी आवडती मासळी, पण नाही म्हणजे नाही. लेकाची आठवण येत असणार, दुसरं काय."

ती माझ्याकडे बघत होती. आई गेली, म्हातारी गेली, आता हे फक्त मला माहीत आहे. जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "हो गं. बाबा हेकटच होते."

तर हे पत्र घरात ठेवण्यासारखं नाही. आता फाडणार, तुकडे संडासात टाकून वर दोन बादल्या पाणी ओतणार. कसं करायचं ते बघितलेलं आहे. इन्स्पेक्टरचा अहवालही पुढे ढकललाय, तीन महिने. संपादक बोंबलेल.

एक मात्र सांगते. वहिनी तुम्हाला नावं ठेवत होती आणि मी मान डोलवत होते, तेव्हा मला तुमचा इतका अभिमान वाटत होता की पोळ्यांचं पुडकं मी तिच्या काउंटरवरच विसरून आले. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, पण डोळे पुसत परत कुठे जाणार? आता चारकोपची आणखी एक खेप आली. तीही तुमच्यामुळेच.