गाण्यांचा डबा कुणाला?

मी, जर्मेन लाव्हेर्न्य, फर्नांची विधवा, शाळा थोडकी, अक्कल शाबूत, वाइन फक्त अर्धा पेला, कुणाच्याही दटावणीशिवाय स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की माझ्यामागे माझ्या चीजवस्तू पुढीलप्रमाणे द्याव्यात.

घरातलं सामान लेक सोलांजला. बिडाचं पातेलंही तिलाच. तारेच्या घासणीने घासू नये, मला वर चैन पडणार नाही. नणंद ह्युगेतला काही नाही. माझ्याच लग्नात, माझाच केक खात म्हणाली, "भाता हलवून हा पोट भरणार होय?" भरलं हो, बाई!

आता गाण्यांच्या सीडींचा डबा. गायिका इरेन दालब्रेने स्टुडिओत गायलेलं सगळं यात आहे, आणि सगळीकडे अकॉर्डियन माझ्या फर्नांचं! तालावर पाय आपटायचा म्हणून त्याला बूट काढून नुसत्या मोज्यांवर बसवत. तरी नदीवरच्या गाण्यात, बाईंनी तोंड उघडण्याआधी, त्याने नाकाने घेतलेला श्वास ऐकू येतो. आमची तबकडी झिजून गेली. या नव्या डब्यावर छापलंय, 'जुने आवाज स्वच्छ केले आहेत'. नवराच पुसून टाकला असेल तर? म्हणून कुणाला द्यावा तेच ठरेना. लिहिते, उठते, डब्याला हात लावते, परत बसते.

सोलांज म्हणते, "आई, वेष्टन फाडू नकोस गं, कपाटात छान दिसतो."

समोरच्या खिडकीतून योलांद पिनेल ओरडली, "जर्मेन, अंडं उबवतेस काय? आज रविवार आहे, लाव की काहीतरी!" रविवारी जेवणाआधी खिडकी उघडून सगळ्या अंगणाला गाणी ऐकवायची, हा माझा शिरस्ता.

थांबा, फाडलं वेष्टन. लावते.

नदीवरचं गाणं लावलं. बाईंनी तोंड उघडायच्या आतच योलांद किंचाळली, "अगं बाई! फर्नां आला वाटतं!"

ठरलं. डबा योलांदला. सोलांजने रविवारी तिच्याकडे जाऊन ऐकावा, आणि जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये.

हाताने लिहिलं की साक्षीदार लागत नाहीत, असं नोटरी म्हणाला. मला लागतात.

पॅरिस, मेनिलमोंतां, रविवार, ९ मार्च २००३

सही: जर्मेन लाव्हेर्न्य
साक्षीदार: कार्लोता मेंदेश, इमारतीची राखणदारीण
रेमों काझाल, खालचा पाववाला (हाताला पीठ, म्हणून डाग)