ओल्या कुंकवाची शोकेस

माय, मलकापूरच्या त्या शोकेसमध्ये मी स्वतःच्या हातानं काय काय केलं होतं, ते आधी लिहितो. त्या दिवशी तुला दाखवायचं राहून गेलं. सागवानी चौकट, चारही कोपरे खाचा पाडून बसवलेले, एकही खिळा नाही. दुकानाबाहेर उभं राहायचा पाट, त्याच्याखाली सायकलच्या सीटच्या दोन स्प्रिंगा आणि पितळेच्या दोन पट्ट्या. पाटावर माणूस चढला की पट्ट्या एकमेकींना टेकायच्या आणि काचेआडच्या आरशामागे दिवा लागायचा. दिव्याभोवती बिस्किटाचा डबा, आतून काळा रंगवलेला. आरशाच्या पाठीचा मुलामा ब्लेडनं खरवडून मसुरीच्या डाळीएवढी गोल जागा मोकळी केली होती, तिच्यामागे लाल काच. समोर उभ्या राहिलेल्या बाईला आपल्याच कपाळावर टिकली उमटलेली दिसायची. माल मुंबईच्या कंपनीचं ओलं कुंकू, दुकान मनिहारीचं, बांगड्या-टिकल्यांचं, डोकं माझं. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला हे कुणी शिकवलं नव्हतं.

टिकली नेमकी बसवणं सोपं नव्हतं. आरशावर कपाळाच्याच उंचीला खूण केली तर ती डोक्यावरच्या पदरावर दिसते. आठ दिवस डोकं खाजवल्यावर समजलं की खूण डोळा आणि कपाळ यांच्या बरोबर मधोमध यायला हवी. पण डोळा कुणाचा? बाजारातली कोणती बाई मला कपाळाचं माप घेऊ देणार होती? म्हणून मी धामणगावला आलो. तू चुलीपुढून पिठाच्या हातानं उठतेस, मी तुला दाराच्या चौकटीला टेकून उभी करतो, पेन्सिलीनं दोन रेघा मारतो. "तिरडीचं माप घेऊन राह्यला का रे?" तू विचारतेस. "तिले अजून टाइम आहे," मी म्हणतो. तू खूप हसलीस. कशाचं माप ते मी सांगितलं नाही. शनिवारी मलकापूरला ये, एवढंच म्हटलं. वावर सोडून हा पोरगा शहरात काय खुटखुट करतो, असं तू सगळ्यांपुढं म्हणायचीस. ते तुला एकदा डोळ्यानं दाखवायचं होतं.

बाप जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. तुझं कोरं कपाळ मला इतकं सवयीचं झालं होतं की माप घेताना ते मला इंचांतच दिसलं.

शनिवारी दुकानापुढं गर्दी होती, पण पाट रिकामा. बाया लांबून बघत, एकमेकींना कोपरानं ढोसत, तोंडाला पदर लावत, आणि निघून जात. भर बाजारात आरशापुढं कोण उभी राहील? हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कंपनीचा माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहून सारखं घड्याळ बघत होता. "मिस्त्री, पब्लिक कुठंय?" त्यानं दोनदा विचारलं. दुकानदार चाचा सुपारी कातरायचे थांबले. मी शोकेसच्या आत, मेन बटनाशी; ते बंद केलं की पाटावर कुणी चढलं तरी दिवा लागत नसे. तुला मी आत बांगड्यांच्या कपाटापाशी बसवलं होतं. एकदम तू तिथं दिसेनाशी झालीस, आणि मग काचेतून दिसलीस, बाहेर, चप्पल काढून पाटावर पाय ठेवताना.

माय, मी तुला चढताना पाहिलं. बटन माझ्या बोटाखाली होतं. पण कंपनीचा माणूसही आता इकडं बघत होता.

दिवा लागला. टिकली तुझ्या दोन भुवयांच्या मध्ये बसली, केसभरही इकडे नाही की तिकडे नाही. तू आरशात पाहिलंस. मग पदराच्या टोकानं कपाळ पुसलंस. पुन्हा पाहिलंस, पुन्हा पुसलंस, जोरानं. मागून कुणी ओरडलं, "अबे, पाह्य, बुढीले कुंकू लागलं!" दुसरा म्हणाला, "घस मावशी, अजून हाय!" माणसं मागं दाटली, तुला खाली उतरायला जागा राहिली नाही. कपाळ लाल होईपर्यंत तू पुसत राहिलीस. शेवटी चाचाच म्हणाले, "अरे बंद करो ना, मिस्त्री!" तेव्हा कुठं माझं बोट हललं.

त्यानंतर बायांची रांग लागली. कुणाला टाचा उचलाव्या लागत, कुणाला वाकावं लागे. तुझ्यासारखी नेमकी टिकली दिवसभरात कुणालाच बसली नाही.

बस स्टँडवर गाडी लागल्यावर तू म्हणालीस, "कोनी चढून नाही राह्यलं, तं मले वाटलं पोराचं काम वाया जाईन." आणि पायरीवरून वळून, "सांगाचं तं होतं रे." मी थैली तुझ्या हातात दिली. मग खिडकीतून तू विचारलंस, "तो साहेब तुले काय म्हनत होता?" मी म्हटलं, "काही नाही." त्यानंतर तू मलकापूरला कधी आली नाहीस, आणि घरी ही गोष्ट दोघांपैकी कुणी काढली नाही.

हा कागद कोणत्याच टपालात पडायचा नाही, म्हणून आज सांगतो. कंपनीचा तो साहेब खूष होता. म्हणाला, अकोला, अमरावती, जळगाव धरून अशा बारा शोकेस करा, एकेकीचे तीनशे देऊ. अट एकच. दर गावी पहिल्या दिवशी ही बुढी पाटावर उभी करायची, अशीच कपाळ पुसत, तिला रोजचे पाच वेगळे. "ओळखीची आहे का?" त्यानं विचारलं. चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "नाही, बाजाराले आली असंन कोनी." आणि मग त्या कामाला नकार दिला. शोकेसचेच छत्तीसशे रुपये होत होते, माय.